दुसऱ्या वळणावर

मार्चचा तिसरा आठवडा. हापसालूची खाडी अजून गोठलेली,
फक्त कडेचा बर्फ राखाडी पडलाय,
त्यावर आता म्हातारे मासेमारसुद्धा पाय ठेवत नाहीत.
हेल्दुर पाओमेट्सनं कॉफी ठेवली आणि पत्र उघडलं.

पत्र घानामधून. शहराचं नाव खरंच 'हो' आहे.
झिफा आग्बेको, वय लिहिलेलं नाही,
दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रात्रपाळीला असते.
"साहेब, तुमचा प्रोग्राम माझा पासवर्ड
तिसऱ्याच माणसाला सांगतो.
मी चारदा करून पाहिलं. चारही वेळा सांगितला."
खाली पुरावा: अकरा ओळी,
कुठेही आवाज न चढवता.

प्रोग्रामचं काम तसं निरोप्याचं.
इथली फाइल तिथे न्यायची, दारावर किल्ली दाखवायची,
ठेवायची, परत यायचं.
दारावरचा म्हणाला, "ते आता इथे राहत नाहीत,
पुढच्या गल्लीत बघा,"
तर पुढच्या गल्लीत जायचं, पण किल्ली खिशात ठेवून.
एवढं त्याला शिकवलं होतं.
पहिल्या वळणावर तो ते पाळायचाही.
दुसऱ्या वळणावर विसरायचा.
तिथे जो कोणी दार उघडील
त्याच्या तळहातावर किल्ली ठेवून
वर विचारायचा, हीच ना?

चौदा वर्षं.
जहाजांच्या कचेऱ्या, पतपेढ्या, रक्ताचे अहवाल,
डोंगरमाथ्यावर तापमान मोजत बसलेली खोकी,
कुठे कुठे हा इमानी गडी
चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देत फिरला
कुणाला माहीत. चोर पावती देत नाही.

कोणती ओळ कुणी लिहिली हे सांगणारी एक आज्ञा असते.
तिचं नावच 'दोष'. ठेवणाऱ्याला विनोद सुचला असणार.
हेल्दुरनं ती चालवली.
ओळ दोनशे बारा: रेइमो.

रेइमो, जो सहा वर्षांपूर्वी गेला, नोव्हेंबरात,
ज्याच्या शवपेटीला खांदा देताना
हेल्दुरच्या बुटाची नाडी सुटली होती.

क्षणभर त्याला बरं वाटलं.
तो हे कुणाला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.
मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडायला
हातही उचलावा लागत नाही.

मग त्याच ओळीखाली बारीक अक्षरात दिसलं:
तपासलं. ठीक आहे. हेल्दुर.
रात्री एक चाळीस.
आणि त्याच्याही आधी रेइमोची टीप:
"दुसऱ्या वळणाचं काय? उद्या बोलू."
उद्या ते कशाबद्दल बोलले, आठवत नाही.
बहुतेक बोट कुठल्या रंगानं रंगवायची, त्याबद्दल.

दुरुस्ती एका अटीची.
घर मूळचंच असेल, तरच.
लिहायला दहा मिनिटं लागली, निवेदनाला दोन दिवस.
'निष्काळजीपणा' लिहिलं, खोडलं, 'त्रुटी' लिहिलं,
तेही पुसट वाटलं, पण राहू दिलं.
रेइमोचं नाव घातलं नाही.
स्वतःचं घातलं, काढलं, पुन्हा घातलं.
शोधणारी: झिफा आग्बेको.
बक्षिसाला पैसे नाहीत, हे तिला कळवताना कान तापले.
तिचं उत्तर आलं, "चालेल. सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांगा.
माझा मी बदललाय."

रविवारी तो स्टेशनच्या मागच्या रस्त्यानं गेला.
रेइमोचं घर विकून चार वर्षं झाली.
पिवळं होतं, निळं झालंय.
त्या दाराची किल्ली हेल्दुरच्या जुडग्यात अजून आहे,
"मी नसलो की मांजराला खायला घाल" म्हणून दिलेली.
नव्या बाईनं खिडकीतून पाहिलं, मग दार उघडलं,
हाताला पीठ लागलेलं.
"कोण हवंय?"

खिशात त्याची मूठ वळली, किल्लीभोवती.
"चुकलो," तो म्हणाला.
"पुढच्या गल्लीत."